परातीखालचे चिंचोके

एका राज्यात एके सकाळी पाणी एकाच बाजूने सांडलं.

एवढंच झालं. वीज पडली नाही, कोल्हा रडला नाही, राजाच्या स्वप्नात कोणी आलं नाही. तळ्याकाठच्या चौथऱ्यावर, तीन पायांच्या घडवंचीवर काशाची मोठी परात होती. राखणदारणीने ती रोजच्यासारखी काठोकाठ भरली, शेवटचा तांब्या ओतला, आणि जे पाणी रोज चहूबाजूंनी सारखं पाझरायचं ते त्या दिवशी नुसतं राजवाड्याच्या अंगाने ओघळलं. बारीकशी धार. मुंगीने ओलांडली असती.

राखणदारणीचं नाव सारजा. तांब्या खाली ठेवून ती त्या धारेकडे वाकली, कारण परात नेमकी कशासाठी आहे हे पुरतं ठाऊक असलेली त्या राज्यात ती एकटीच होती.

ते राज्य कढईसारखं होतं. चहूबाजूंना डोंगरांचा काठ, आत काळीभोर सपाट जमीन, मधोमध तळं, तळ्याच्या कडेला राजधानी. जमीन अशी की बी नुसतं भिरकावलं तरी तरारून यावं. लोक म्हणत, इतर देशांत आगीचे डोंगर आहेत म्हणे, आपल्याकडे एकही नाही, केवढं भाग्य. ते खोटं बोलत नव्हते. आगीचा डोंगर दिसायला लांब उभं राहावं लागतं, आणि ते तर त्याच्या तोंडातच घरं बांधून राहत होते. ती कढई म्हणजेच त्याचं तोंड. तो झोपलेला होता, इतकंच.

पूर्वजांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी परात मांडली. खालच्याने कूस बदलली की जमीन फुगते. ती माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण भरल्या पाण्याला लगेच कळते. पाणी एका बाजूने सांडलं की राखणदारणीने हाक मारायची आणि सगळ्यांनी काठापलीकडे चालू लागायचं, असं ठरलं होतं. पुढे पिढ्या उलटल्या. परातीला हळदकुंकू लागलं, चौथऱ्यावर नवस फिटू लागले, नवरानवरी पाया पडायला येऊ लागली. मूळ काम तेवढं राखणदारणीने राखणदारणीच्या कानात सांगायचं, असं उरलं.

आणि कानांचीच सारजाला लाज होती.

त्या राज्यात बारशाच्या दिवशी प्रत्येक मुलाचा एक कान टोचून राजाच्या भांडारातली सोन्याची बाळी घालत. सारजा त्या दिवशी पाळण्यात दचकली, सोनाराची सुई हुकली, कान पिकला, आणि पुन्हा टोचायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. ती मोठी झाली, राजपाठशाळेत शिकली, ग्रहांची गणितं सोडवू लागली, पण दचकायची काही थांबली नाही. भांडं पडलं की दचके. मांजर शिंकलं की दचके. बोडक्या कानांवरून पदर ओढून घेऊन चाले.

आणखी एक गोष्ट त्या राज्यात होती, पण तिथल्या लोकांना ती वेगळी वाटत नसे. समोरासमोर ते घडाघडा बोलत, चेष्टामस्करी करत. पण लांबून हाक मारली तर कोणी ओ देत नसे. आई मुलाला जेवायला बोलवायची ती खांदा हलवून. नावाडी नावाड्याला बोलवायचा तो वल्ह्याने पाणी उडवून. सारजाला मात्र लांबचं सगळं ऐकू येई, आणि तिला वाटे की हाही आपल्या भित्रेपणाचाच एक प्रकार आहे.

गेल्या वर्षी परातीतल्या पाण्यावर तरंग उठले तेव्हा ती धावत धावत दरबारात गेली होती. पायांत चपला नव्हत्या, पदर घसरलेला. पाणी कापतंय महाराज, असं तिने धापा टाकत सांगितलं. राजा धवलकीर्ती सिंहासनावरून उठून स्वतः बाहेर आला, आणि पाहतो तर काय, माहूत राजाचे हत्ती तळ्यावर आंघोळीला नेत होते. दरबार हसला. राजाही ओठ मिटून हसला. तेव्हापासून प्रधान कुबेरदत्त तिला पाहिलं की हमखास विचारी, "आज कुठला हत्ती शिंकला, सारजाबाई?" पोरंसोरंही तिला दचकी म्हणू लागली.

म्हणून त्या सकाळी ती धार पाहून सारजा धावली नाही. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आदल्या दिवशी चौथऱ्यावर मुलं खेळून गेली होती, त्यांचा एक चिंचोका खाली पडला होता. तिने तो उचलला, परात जरा कलती केली, आणि राजवाड्याकडच्या अंगाला खाली सरकवला. पुन्हा पाणी भरलं. पाणी चहूबाजूंनी सारखं पाझरलं.

घडवंचीचा पाय झिजला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. स्वतःला ते पटलं नाही, पण दुसऱ्या कोणाला पटवायची वेळच आली नाही. राखणदारणीने रोज दरबारात जाऊन दोन शब्द बोलायचे असत. ती गेली आणि म्हणाली, "सम आहे."

काही दिवसांनी पाणी पुन्हा त्याच बाजूला ओढ घेऊ लागलं. तिने पहिल्या चिंचोक्यावर दुसरा मेणाने चिकटवला. त्याच सुमारास धोबीघाटावरचा झरा हात घालवेना इतका तापला. परटिणी खूश होत्या. कपडे न आपटता पांढरेशुभ्र निघतात म्हणाल्या. सारजा त्यांच्यासमोर हसली आणि घरी जाऊन उपाशीच निजली.

मग तिसरा. तिसरा चिंचोका ती चिकटवत होती तेव्हा तळ्यापलीकडच्या खळग्यातून तिला शेरडांचं ओरडणं ऐकू आलं. एकदम पुष्कळ, आणि मग एकदम काहीच नाही. ती दचकली. दचकायचं नाही, असं स्वतःला बजावून तिने मेण दाबून बसवलं आणि बोटं पदराला पुसली.

त्या दिवशी दरबारात तिच्या आधी एक मेंढका येऊन उभा होता. धुळाजी त्याचं नाव. डोक्याला मुंडासं, कानात सगळ्यांसारखी बाळी, हातात नुसती काठी. त्याने सांगितलं की खळग्यात उतरलेली शेरडं उठली नाहीत. लांडगा नाही, रोग नाही, अंगावर ओरखडा नाही. निजल्यासारखी पडली आहेत. त्यांना उचलायला वाकला तर त्याचंही डोकं गरगरलं, कसाबसा वर आला.

राजाने सारजाकडे पाहिलं. "परात काय म्हणते?"

सारजाने प्रधानाकडे पाहिलं. त्याच्या मिशीखाली हसू तयारच होतं. ती म्हणाली, "सम आहे, महाराज."

धुळाजीने तिला हात जोडले. "मग जमिनीचा दोष नाही, बाई. माझंच काही चुकलं असेल," असं म्हणून तो उन्हात निघून गेला.

ते जोडलेले हात सारजाच्या डोळ्यांसमोरून हलेनात. ती चौथऱ्यावर परत आली तर परातीच्या काठावर एक टिटवी बसलेली. टिटवीला त्या राज्यात कोणी जवळ येऊ देत नसे. तिचं ओरडणं अशुभ मानत.

"नवीन रीत दिसते," टिटवी म्हणाली. "राज्य चिंचोक्यांवर टेकवायची."

सारजा खाली बसली. पक्षी बोलला याचं तिला नवल वाटलं नाही. तिला धसका बसला तो आपलं बिंग कोणाला तरी कळलं याचा.

टिटवी पुढे बोलू लागली. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते. यंदा ती उठून गेली तरी अंडी गार होत नाहीत, जमीनच त्यांना ऊब देते. "आईला सुख वाटावं अशी गोष्ट. मला घाम फुटला. मी जवळ येऊन ओरडले तर मला दगड मारतात. तुला नुसते हसतात. आणि तू हसण्याला भ्यालीस?"

काय करू, एवढंच सारजाने विचारलं.

"काठावर धूम्रनाथ बसतो. त्याला विचार. वाट दाखवते, पण माझ्या अंड्यांवर पाय देऊ नको."

धूम्रनाथ हा मांत्रिक काठाच्या सर्वांत उंच कड्यावर एका गुहेत राहत असे. त्याचं अंग राखेचं होतं. वारा आला की खांद्याचा थोडा भाग उडे आणि पुन्हा जमून येई. त्याने सारजाला पाणी दिलं, नाव विचारलं नाही.

"किती चिंचोके?" त्याने विचारलं.

"तीन."

"म्हणजे वेळ आहे. फार नाही."

मग त्याने काय काय होणार ते सांगितलं, पीकपाण्याची गोष्ट सांगावी तशा आवाजात. जमीन फुगली, झरे कढले, खळग्यांत न दिसणारा जड वारा साचला, हे झालं. आता तळं उकळेल. मग खालचा उठेल. आगीचा ढग जमिनीला चिकटून धावेल, घोड्याहून वेगाने, आणि कढईत जो राहील त्याला देवाचं नाव घ्यायलाही उसंत मिळणार नाही. काठापलीकडे जो पोचेल त्याच्यावर राख पडेल. ती राख चुलीतल्या राखेसारखी नसते. दळलेली काच असते. श्वासात गेली की छाती फाडते, विहिरीत पडली की पाणी नासवते, धाब्यावर साचून भिजली की तुळई मोडते. आणि नंतर कित्येक महिने सूर्य पितळेच्या नाण्यासारखा मळका उगवेल. पीक येणार नाही.

सारजा ऐकत होती आणि मनात प्रत्येक गोष्टीपुढे आपला एकेक चिंचोका ठेवून पाहत होती.

"पण हाक मारली तरी आमच्याकडे कोणी ओ देत नाही," ती म्हणाली.

"देणार नाहीत. शाप आहे." धूम्रनाथाने कपाळावरची राख सारखी केली. "मागे तो उठला तेव्हा तुमचा पहिला राजा खजिना गाड्यांत भरत होता. राखणदारीण हाका मारत राहिली. त्याने ऐकलं, पण ओ दिली नाही. ती हाक मारता मारता जळाली, आणि जळताना सोन्याला शाप देऊन गेली. ज्याच्या कानाला हे सोनं लागेल त्याला हाक ऐकू येणार नाही. राजा गाड्यांसकट निसटला. शहाण्याने ते सोनं पुरून टाकलं असतं. राजाला वाटलं, एवढं सोनं वाया का घालवा. त्याने त्याच्या बाळ्या घडवल्या आणि पोराबाळांच्या कानांत घातल्या."

सारजाने नकळत पदराखालून आपल्या कानाला हात लावला.

"हो," धूम्रनाथ म्हणाला. "तू भित्री नाहीस असं मी म्हणत नाही. पण तुला ऐकू येतं."

त्याने तिला तीन कामं सांगितली. पहिलं, चिंचोके काढायचे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुसरं, राज्याला राखेसाठी तयार करायचं. तिसरं, तळं उकळेल त्या सकाळी चौथऱ्यावर उभं राहून हाक मारायची आणि ओ येईपर्यंत खाली उतरायचं नाही. एका माणसाने जरी ओ दिली तरी शाप तुटेल. मात्र बाळी काढ असं कोणाला सांगायचं नाही. सांगून काढलेली बाळी पुन्हा कानात उगवते. ज्याची त्यानेच काढायला हवी.

"कोण काढेल?" सारजाने विचारलं.

"ज्याला स्वतःच्या कानांची लाज वाटेल तो."

पहिलं काम सगळ्यांत अवघड गेलं. सारजाने राजाला चौथऱ्यावर येण्याची विनंती केली. राजा आला, मागोमाग दरबार आला, त्याच्यामागे गाव आलं. दचकीचा नवा खेळ म्हणून मुलं पुढे येऊन बसली. सारजाने परात काठोकाठ भरली, मग हात खाली घालून तीन चिंचोके ओढून काढले आणि तळहातावर धरले. परात खट्कन खाली बसली. पाणी धोधो राजवाड्याच्या बाजूला कोसळलं आणि राजाचे जोडे भिजले.

कोणी हसलं नाही. ती हसण्याची वाट पाहत होती, आणि ते आलं नाही तेव्हा तिला कळलं की हसणं बरं होतं.

सगळं तिने सांगितलं. खाली काय निजलंय, पुढे काय होणार, वेळ आली की ती हाक मारणार, पाणी कधी सांडलं, तिने काय केलं, का केलं. "मला पुन्हा हसतील म्हणून," हे शब्द इतके लहान निघाले की राजाला पुढे वाकावं लागलं.

राजाने ओल्या जोड्यांकडे पाहिलं. "एकदा तू आम्हांला भीती घातलीस, ती खोटी निघाली. मग तू आम्हांला धीर दिलास, तोही खोटा निघाला. आता कोणत्या सारजेवर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर नको, महाराज. पाण्यावर ठेवा."

तेवढ्यात गर्दीतून धुळाजी पुढे आला. त्याने परातीकडे पाहिलं नाही, चिंचोक्यांकडे पाहिलं नाही. "बाई, एकच सांगा. माझी शेरडं ओरडली होती का?"

सारजाला नाही म्हणता आलं असतं. कोणाला कळलं नसतं.

"ओरडली होती," ती म्हणाली. "मी ऐकलं."

"मी तिथेच होतो. बांधाला टेकून बसलो होतो. मला नाही ऐकू आलं." त्याने एकदा कानाला हात लावला, वळला, आणि काठाच्या दिशेने निघून गेला. सारजाला वाटलं, हा आता आपलं तोंडही पाहणार नाही. आणि तेच योग्य आहे असंही वाटलं.

दुसऱ्या कामाला राजाने ना म्हटलं नाही. विहिरी झाकल्याने कोणाचं बिघडत नाही, असं तो प्रधानाला म्हणाला. पण संध्याकाळच्या आत त्याने धान्याच्या गाड्या जुंपायला लावल्या. सारजा दारोदार फिरली. काठापलीकडे जिथे जाऊन राहायचं तिथल्या विहिरींवर फळ्या आणि ओली गोणपाटं घालायला सांगितली. तिथल्या धाब्यांना आतून टेकू लावायला लावले आणि प्रत्येक धाब्यावर एकेक खोरं ठेववलं. प्रत्येक बाईला सांगितलं, जुनं सुती लुगडं फाडून माणशी एक फडकं करा, वेळ आली की भिजवून नाकातोंडाला बांधा. खळग्यांत उतरू नका, गुरांना उतरू देऊ नका. धान्य काठापलीकडच्या गुहांत गेलं. वाटेवरचे अडसर निघाले.

बायका करत होत्या, पण टोमणे मारत करत होत्या. झाकणबाई आली, उतरंड लपवा, म्हणत. एका म्हातारीने तिला ताक प्यायला दिलं आणि विचारलं, "पोरी, सगळं झाकलंस. तुझं तोंड कशाने झाकणार?" सारजाने ताक संपवलं, फुलपात्र विसळून पालथं ठेवलं, आणि पुढच्या दारी गेली. दारी उभं राहिल्यावर ऐकावं लागतं, आणि तिला ऐकणं भाग होतं.

प्रत्येकाला ती हेही सांगे की वेळ येईल तेव्हा मी हाक मारीन. लोक मान डोलावत. हाक म्हणजे काय हे त्यांतल्या कोणाला धड ठाऊक नव्हतं.

आणि एका पहाटे तळ्यावर वाफ धरली. उजाडलं तेव्हा पांढऱ्या पोटांचे मासे काठाला लागलेले होते आणि पाण्यातून भाताच्या हंडीसारखे बुडबुडे फुटत होते. टिटवी उडत आली. "माझी अंडी घे. चोचीत मावत नाहीत." सारजाने ती गरम अंडी ओटीत घेतली, ओचा खोचला, आणि चौथऱ्यावर चढली.

कढईत गावं पसरलेली होती, दूरपर्यंत, चुलींचा धूर निघालेला. एवढ्या दारांवर जाऊन एवढे खांदे हलवायला दिवस पुरला नसता.

तिने हाक मारली.

"ही हाक होती की खोकला?" टिटवीने विचारलं.

खरंच होतं. तिला आपल्याच आवाजाची लाज वाटली होती. तिने आजूबाजूला पाहून पुन्हा मारली, जरा मोठ्याने. खाली राजवाड्याच्या अंगणात प्रधान कुबेरदत्त दात घासत होता. त्याने वर पाहिलं, उघडलेलं तोंड दिसलं त्याला, आणि कीव आल्यासारखं डोकं हलवून तो आत गेला. घाटावर एक परटीण बादली घेऊन उभी राहिली आणि उकळतं पाणी पाहून आनंदाने दुसरीला बोलवायला गेली.

चौथऱ्याखालून एक धक्का आला. परात घडवंचीवरून घसरून खाली पडली आणि तिचा नाद तळ्यावरून घुमत गेला. सारजा दचकली. त्या वेळी दचकण्याची लाज वाटायला तिला सवड नव्हती.

काठापलीकडच्या गावांत ही गोष्ट सांगतात तेव्हा शेवट आधीच सांगून टाकतात, म्हणजे मुलं निवांत ऐकतील: त्या दिवशी कढईतली माणसं निघाली आणि ऊन माथ्यावर यायच्या आत काठ ओलांडून गेली; पाठीमागे आकाश काळं झालं; त्यांच्यावर राख पडली तेव्हा नाकातोंडाला ओली फडकी होती, विहिरींवर झाकणं होती, धाब्यांखाली टेकू होते आणि गुहांत धान्य होतं; मळक्या सूर्याचे दिवस त्यांनी काढले; आणि नव्या गावात पहिली वस्तू मांडली ती परात. हे सगळं झालं. पण सारजाला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर फक्त धूर निघणारी घरं होती आणि एकाही घरातून आवाज नव्हता.

तिने डोक्यावरचा पदर काढला आणि कमरेला गुंडाळला. बोडके कान उघड्यावर आले. लहानपणापासून पहिल्यांदाच त्यांना सकाळचा वारा लागला.

मग तिने हाक मारली. या वेळी तिने राज्याला मारली नाही. राज्य कोणी एक माणूस नव्हतं. ज्या माणसासमोर तिला सगळ्यांत जास्त मान खाली घालावी लागली होती, त्याच्या नावाने मारली.

"धुळाजी... निघा हो..."

हाक तळ्यावरून गेली, वाफेतून गेली, खळग्यावरून गेली, शेरडांच्या हाडांवरून गेली. काठाच्या उतरणीवर एक मेंढका उभा होता. त्याच्या हातात काठी होती आणि कानाची पाळी फाटून सुकलेली होती. चौथऱ्यावरून गेला त्या दिवशी खळग्याच्या कडेला बसून त्याने आपली बाळी ओढून काढली होती आणि खळग्यातच टाकून दिली होती. कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो रोज पहाटे राजधानीकडे तोंड करून उभा राहत असे, कारण बाई म्हणाली होती, मी हाक मारीन.

सारजा कान देऊन उभी राहिली.

राज्यातल्या घराघरांत, निजलेल्यांच्या, दळणाऱ्यांच्या, दात घासणाऱ्यांच्या कानांतून सोन्याच्या बाळ्या पिकल्या चिंचेतून सुटलेल्या चिंचोक्यांसारख्या टपटप खाली पडल्या. कारण दूरवरून, काठाच्या उतरणीवरून, घोगऱ्या, न सरावलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं होतं:

"ओ..."